वरचा फळा

"बाई, वरचा फळा कुणासाठी राखून ठेवलाय?"

शेवटच्या बाकावरची ती उंच मुलगी खोडी काढायला बोलली नव्हती. तिला खरंच प्रश्न पडला होता, आणि खऱ्या प्रश्नाला वर्ग नेहमी जास्त हसतो. बाईंनी, म्हणजे तेवीस वर्षं याच तिसऱ्या मजल्यावर भूमिती शिकवणाऱ्या आणि शाळाभर 'कंपासबाई' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाईंनी, खडू खाली ठेवला, दोन पावलं मागे सरकून फळ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. वरचा एक तृतीयांश फळा काळाकुळकुळीत होता, सकाळी पुसला तसाच्या तसा. अक्षरं सुरू होत होती ती त्यांच्या हनुवटीच्या रेषेपासून. तिथून खाली सगळी दाटीवाटी: पक्ष, साध्य, आकृती, सिद्धता एकमेकांच्या अंगावर रेलून उभी होती, बसमध्ये पुढे जागा रिकामी असताना माणसं दाराशीच चेंगरून राहतात तशी. आणि हे आजचं नव्हतं. वरच्या भागातला डाव्या कोपऱ्यातला तो खडूचा ठिपका त्यांनी परवाही पाहिला होता. "तुझ्यासाठीच ठेवलाय," बाई म्हणाल्या. "सगळ्या वर्गात ताड तू एकटीच. ये, शेवटची पायरी तू वर लिही." वर्ग पुन्हा हसला, मुलगी पुढे आली, तिनं हात सहज वर नेला आणि सहज लिहिलं. तो 'सहज' बाईंना सुईसारखा टोचला. त्यांचा पहिला विचार मात्र स्वतःच्या हाताबद्दल नव्हताच. पहिला विचार असा होता: फळा कुणीतरी वर चढवलाय.

हा विचार एकदा आला आणि मग पाहुण्यासारखा पाय पसरून बसला. कारण कुठेतरी पाणी मुरत होतं हे बाईंना केव्हाचं जाणवत होतं, फक्त कुठे ते कळत नव्हतं. आधी खडू बदलले असणार. नवे खडू फळ्यावर उठत नाहीत, दाबावं लागतं, दाबलं की दंड भरून येतो. मग डस्टर. डस्टरला एवढं वजन कधीपासून आलं? मग जिना. सहासष्ट पायऱ्या, बाईंना पाठ होत्या, पण हल्ली चाळिसाव्या पायरीपासून पुढच्या पायऱ्या कुणी मुद्दाम उंच केल्यासारख्या वाटायच्या. बाई कठड्याला धरून स्वतःला वर ओढून घ्यायच्या, आणि खालून मुलं येताना दिसली की चपलेचा बंद नीट करत उभ्या राहायच्या. एवढे बंद कुणाच्या चपलेचे सुटतात? मुलांच्या लक्षात आलं असेल का? आणि ते वर्तुळ. बाईंची ख्याती त्या वर्तुळावर होती. लाकडी कंपास कोपऱ्यात धूळ खात असायचा आणि बाई नुसत्या हातानं, खांदा हेच केंद्र आणि ताठ हात हीच त्रिज्या करून, एका फटक्यात फळाभर वर्तुळ काढायच्या. रेघ निघाल्या जागी परत येऊन मिळायची तेव्हा मागचे बाक टाळ्या वाजवायचे. पहिल्यांदा ते त्यांनी काढलं तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या, मुलं ऐकत नव्हती, आणि त्या वर्तुळानंतर जी शांतता पसरली तिच्यावर त्यांनी पुढची तेवीस वर्षं वर्ग चालवला होता. गेल्या महिन्यात ती रेघ वरच्या बाजूला बसली. अंडं झालं. कुणी काही बोललं नाही, आणि तेच वाईट होतं. मुलं बोलत नाहीत तेव्हा ती दया करत असतात.

दया करणाऱ्यांत पहिला नंबर पडदेवाल्या सरांचा. हे तरुण सर वर्गात पडदा सोडून त्यावर यंत्रानं आकृत्या दाखवायचे, म्हणून शिक्षकांच्या खोलीत त्यांचं हे नाव. एकेकाळी ते बाईंचेच विद्यार्थी. आता जिन्यात भेटले की हातातल्या वह्या मागायचे: "द्या बाई, मी वरच चाललोय." खाली जात असले तरी वरच चाललेले असायचे. कानामागून आली आणि तिखट झाली, तशी गत. गेल्या आठवड्यात मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, पुढच्या वर्षी वरचा वर्ग सरांना देऊन बघू या का? तुम्हाला तीन जिने होतात. वेळापत्रक मी पंधरा दिवसांत पक्कं करणार आहे." देऊन बघू या! वरचा वर्ग म्हणजे शाळेतला शेवटचा, परीक्षेचा वर्ग, तो म्हणजे काय बघायला द्यायची साडी आहे? बाई म्हणाल्या होत्या, "जिने मला होत नाहीत, मी जिन्यांना होते." हशा झाला, विषय टळला, पण पंधरा दिवस टळत नव्हते. त्यांतले सहा गेले होते. आणि आता हा फळा. सरांच्या पडद्याला काय, तो छतापासून सुरू होतो. सगळं जुळत होतं. भूमिती शिकवणाऱ्या माणसाचा हाच घात होतो, जुळलं की त्याला ते खरं वाटतं.

घरी नवरा गोळ्यांच्या डबीपाशी बसला होता. दीड वर्षापूर्वी तो यंत्रांच्या सुट्या भागांच्या गोदामातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाला, आणि बत्तीस वर्षं खणांत माल लावायची सवय हातांना गप्प बसू देईना, तेव्हा त्यानं बायकोच्या गोळ्या ताब्यात घेतल्या. अठ्ठावीस खणांची डबी आणली, प्रत्येक खणावर बारीक अक्षरात चिठ्ठी डकवली: रविवार सकाळ, रविवार दुपार. बाई घोटाळा करायच्या, सकाळची गोळी शाळेच्या गडबडीत राहून जायची, त्यामुळे त्यांनाही सुटल्यासारखं झालं होतं. आठ महिन्यांपूर्वी शाळेत तपासणी झाली, कोलेस्टेरॉल चढलेलं निघालं, आणि डबीतले रिकामे राहणारे रात्रीचे खणही भरू लागले. तेव्हापासून त्या फक्त तळहात पुढे करायच्या. "घे, माल आला," तो म्हणायचा. पोटऱ्यांत गोळे यायला लागले तेव्हा त्या एकदा म्हणाल्याही होत्या, "अहो, गोळी घेतली की गोळा येतो, हे कसलं व्याकरण?" तो म्हणाला होता, "अगं, गोळी सासरी आली की पाठोपाठ तिचा नवरा येणारच." दोघं पोट धरून हसली होती. आज तो विनोद आठवला आणि बाईंना हसू आलं नाही. हा माणूस रोज माझ्या हातावर काय ठेवतो? मी कधी बघितलं? आणि याला नाहीतरी मी घरीच हवी आहे. "सोड ना आता शाळा. दोघं मिळून कुठंतरी जाऊ," हे त्याचं पालुपद. निवृत्त माणसाला एकटेपणा खायला उठतो, आणि एकटा माणूस काय करेल याचा भरवसा नाही. बाईंना स्वतःच्याच विचाराची लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून विचार उठून गेला नाही.

वह्या तपासायला त्या आपल्या खुर्चीत बसल्या, आणि बसताक्षणी कळलं. टाचा जमिनीला टेकत नव्हत्या. गेले आठ-दहा दिवस या खुर्चीतून उठणं सोपं झालं होतं खरं. पलंगावरून उठताना हातांनी गुडघे दाबावे लागायचे, इथे नाही, आणि बाईंनी त्याचा अर्थ 'आज जरा बरं आहे' असा लावला होता. नवरा आत गेल्याबरोबर त्यांनी पर्समधली टेप काढली. अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. ही खुर्ची पंचेचाळीसची होती, टेबलाला जुळेल अशी त्यांनी स्वतः मोजून घेतली होती. खाली वाकणं ही आता एक मोहीमच होती, पण संशयाला फार बळ असतं. त्या वाकल्या. चारही पायांखाली लाकडाचे तुकडे, नीट कापलेले, घासलेले, वाजू नयेत म्हणून खाली फेल्टचं जाड कापड चिकटवलेलं. असलं काम या घरात एकच माणूस करतो. न सांगता. न विचारता. मग न सांगता आणखी काय काय केलंय? आतून तो ओरडला, "चहा टाकू का?" "नको," बाई म्हणाल्या, आणि आपला आवाज पोलिसासारखा झालाय हे त्यांनाच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या आधी त्या मीटरपट्टी घेऊन वर गेल्या. सहासष्ट पायऱ्या, तीन मुक्काम. फळ्याची खालची कड जमिनीपासून नव्वद सेंटिमीटरवर असायला हवी. तेवीस वर्षांपूर्वी सुताराशी भांडून त्यांनीच ती तिथे बसवून घेतली होती. आता ती शंभरावर सापडणार, निदान पंच्याण्णव, आणि पट्टी तशीच हातात धरून आपण मुख्याध्यापिकांच्या खोलीत जाणार, हे सगळं त्यांनी रात्रभर मनात पाहून ठेवलं होतं. पट्टी लावली. अठ्ठ्याहत्तर. पट्टी उलटी धरली असेल. सुलटी केली. अठ्ठ्याहत्तर. बाईंनी मान वर केली, आणि फळ्याच्या वर, भिंतीच्या रंगात न मिसळलेले चुन्याचे चार ठिपके दिसले, बुजवलेली भोकं. फळा वर चढवला नव्हता. बारा सेंटिमीटर खाली उतरवला होता. आणि तरीही त्यांचा हात पोचत नव्हता.

केर काढायला आलेले शिपाईमामा दारातच थबकले.

"मामा, फळा कुणी हलवला?"

"कुठला फळा, बाई?"

"मी काय फळ्यांच्या दुकानात उभी आहे? हा फळा."

"हलवला असं नाही... जरा खाली घेतला. मागच्या महिन्यात, सुट्टी होती तेव्हा."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"सांगू नका म्हणालेत."

"कोण म्हणालेत?"

"सर." मामांनी जीभ चावली. "बघा, म्हणजे मी सांगितलं नाही, तुम्ही काढून घेतलंत."

मामांना पाठवून बोलावलेले पडदेवाले सर वर येईपर्यंत बाई पट्टी हातात धरून उभ्याच होत्या. बसलं असतं तर त्याच्या देखत उठावं लागलं असतं. "तुम्ही टाचा उचलून लिहीत होता," सर फळ्याकडे बघत म्हणाले. "मी दारातून पाहिलं. मला वाटलं, थोडा खाली घेतला तर तुम्हाला कळणारही नाही."

"मला कळणार नाही? तुला मोजायला कुणी शिकवलं रे?"

"तुम्हीच." मग जरा थांबून, "बाई, मला तुमचा वर्ग नकोय. मी मोठ्या बाईंना दोनदा नाही म्हटलंय. पण तुम्ही डॉक्टरकडे जा."

तो गेल्यावर बाई पहिल्या बाकावर बसल्या. तेवीस वर्षांत त्या बाकावर त्या कधी बसल्या नव्हत्या, तिथून फळा फार मोठा दिसत होता. अप्रत्यक्ष सिद्धता, त्यांच्या आवडीची रीत: जे खोटं ठरवायचं ते आधी खरं मानायचं आणि चालत राहायचं, विसंगती येईपर्यंत. समजा, मी ठीक आहे. मी ठीक आहे, तर जग वर गेलंय. पण जग तर खाली आलंय, फळा खाली आला, खुर्ची मला उचलून धरते, वह्या आपोआप जिना चढतात. ही विसंगती. म्हणून आपलं गृहीत चूक. शत्रू शोधायला निघाले आणि सापडले कोण, तर चार लाकडी तुकडे आणि चार बुजवलेली भोकं. मग माझं हे असं कुणी केलं? कारण कुणीतरी केलंच होतं. माणूस एका वर्षात आपोआप असा उतरत नाही.

शाळेच्या तपासणीत ज्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली होती त्याच डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. त्यांनी आधी बाईंना हाताची घडी घालून स्टुलावरून उठायला सांगितलं. बाई उठल्या नाहीत. प्रयत्न केला, मांड्या थरथरल्या, पण स्टूल सुटलं नाही.

"दुखतं?"

"दुखत असतं तर आलेच असते. तुम्ही म्हणाला होतात, पाय दुखले तर सांगा. हे दुखणं नाही. पाय माझे नाहीतच, भाड्यानं आणल्यासारखे आहेत."

"या गोळीनं काही जणांच्या स्नायूंना त्रास होतो. पण तुमचं जरा जास्तच वाटतंय. दुसरं काही औषध चालू आहे?"

"नाही. म्हणजे कॅल्शियम आहे. पण ते काय औषध नव्हे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "ते काय औषध नव्हे म्हणून आणखी काय काय घेता?"

"काही नाही हो. थायरॉइडची तेवढी."

खोलीत एकदम शांत झालं. बाईंना ती शांतता ओळखीची होती. फळ्यापाशी उभं राहून, चूक सापडलेल्या मुलाकडे बघताना त्या स्वतः तीच पाळायच्या.

"कधीपासून?"

"चौदा वर्षं."

"मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलंच नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पुन्हा तो पोलीस आला. सापडली, हीच ती दोषी, न विचारता गोळी देणारी! डॉक्टरीणबाई उठल्या, कपाटातून तपासणीच्या वेळचा कागद काढून त्यांनी समोर ठेवला. 'इतर आजार व चालू औषधे.' त्यापुढे वळणदार, नेटक्या, तेवीस वर्षं फळ्यावर घोटलेल्या अक्षरात लिहिलं होतं: नाही.

पक्ष. सिद्धतेत आधी पक्ष लिहायचा असतो, म्हणजे काय काय दिलेलं आहे ते सगळं. मुलं विसरतात. "बाई, ते तर दिलेलंच आहे ना, ते कशाला लिहायचं?" आणि बाई दरवर्षी, प्रत्येक मुलाचा, अर्धा गुण कापायच्या: दिलेलं आहे म्हणूनच लिहायचं, बाळा, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी. चौदा वर्षांत ती पांढरी बारीक गोळी औषध राहिली नव्हती, ती दात घासण्यासारखी झाली होती, ती तर आहेच. आजार त्यांनी गृहीत धरला होता, जसं एखादं घर गृहीत धरतं त्यातल्या बाईला. "कशी घेता?" डॉक्टरीणबाई विचारत होत्या. "उपाशीपोटी?" "पूर्वी. आता नाश्ता झाला की, कॅल्शियमबरोबर. मिस्टर एका खणात ठेवतात. एका वेळचा माल एका खणात." "असं किती दिवस?" "दीड वर्ष." डॉक्टरीणबाई हळूहळू बोलू लागल्या, आणि बाईंना पायऱ्या एकेक करून दिसत गेल्या. कॅल्शियमनं ती गोळी अंगाला लागूच दिली नाही. थायरॉइड कमी पडलं. ते कमी पडलं की कोलेस्टेरॉल आपोआप चढतं. चढलं म्हणून ही गोळी आली. आणि थायरॉइड कमी असताना ही गोळी स्नायूंना जास्त बाधते. "मला माहीत असतं तर आधी थायरॉइड तपासलं असतं, मग ही द्यायची का ते ठरवलं असतं. आज रक्त देऊन जा. रिपोर्ट येईपर्यंत रात्रीची गोळी बंद. थायरॉइडची पहाटे, नुसत्या पाण्याबरोबर. कॅल्शियम चार तासांनी." रिपोर्ट दोन दिवसांत आला. सगळं त्या म्हणाल्या तसंच होतं, फक्त स्नायू बिघडले की ज्यांना फटका बसतो ती मूत्रपिंडं शाबूत होती. "वेळेवर आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ताकद येईल. पण आठवडे लागतील, कदाचित महिने."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि काख दाखवायला हात वर होत नाही! बाई रस्त्यानं एकट्याच हसल्या. मग त्यांना नवरा आठवला आणि हसू जिरलं. त्याला सांगायचं कसं? त्यांचा संशय बरोबर डबीवरच येऊन थांबला होता, आणि चुकीच्या कारणासाठी. तो टेबलाशी बसून पुढच्या आठवड्याचा माल भरत होता, चष्मा नाकावर, जीभ ओठांच्या कोपऱ्यात. क्षणभर वाटलं, नकोच सांगायला, डॉक्टरांनी वेळ बदलली एवढंच म्हणू. पण मग पुन्हा एक गोष्ट न लिहिलेली राहिली असती. त्या खुर्चीत बसल्या, उंच झालेल्या खुर्चीत, आणि सगळं सांगितलं. त्याचा हात खणावर तसाच राहिला.

"म्हणजे मीच..."

"तुम्ही अर्धे. मी पूर्ण. पक्ष मी लिहिला नाही."

"मी मालावरची चिठ्ठी वाचली नाही," तो म्हणाला. "बत्तीस वर्षांत एकदासुद्धा असं केलं नाही मी."

"तुमचा अर्धा गुण कापला."

त्यानं खणाचं झाकण लावलं. मग खाली बघूनच म्हणाला, "आणि खुर्चीचे?"

"खुर्चीला पूर्ण. पण यापुढे सांगून करायचं. मी तुमच्यावर कसले कसले आरोप ठेवले होते, सांगितले तर जेवण जाणार नाही तुम्हाला."

पंधरावा दिवस उजाडायच्या आतच बाई मुख्याध्यापिकांसमोर उभ्या राहिल्या. टेबलाला धरून, आणि ते न लपवता. "वरचा वर्ग माझाच. फक्त तो खाली आणा, या सोमवारपासूनच. मुलांचे पाय शाबूत आहेत." मुख्याध्यापिकांनी वेळापत्रकावर खोडरबर फिरवलं.

तळमजल्याच्या त्या वर्गातला फळा कुणी खाली घेतलेला नव्हता, त्याची खालची कड नव्वदवरच होती. बाईंनी घेऊही दिला नाही. दर सोमवारी त्या हात वर करायच्या, जाईल तिथे थांबायच्या, आणि ती ताडमाड मुलगी फळ्याच्या कडेच्या लाकडावर पेन्सिलनं रेघ ओढायची. पहिले तीन सोमवार रेघा एकमेकींवरच पडल्या. चौथ्याला मुलीनं उगीच जरा वर ओढली तर बाईंनी ती खोडायला लावली: "दया करायची नाही. मोज." नवव्या सोमवारी हात वर जाताना खांद्यात नेहमीची ती थरथर आली, थांबली, आणि हात आणखी वर गेला. पेन्सिल मागच्या रेघेच्या चार बोटं वर टेकली होती. बाईंनी हात खाली घेतला, वर्गाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. तिथून शिपाईमामा झाडू घेऊन चालले होते, जरा जास्तच निष्पाप चेहऱ्यानं.

"मीटरपट्टी दे," बाई म्हणाल्या.

त्या वाकल्या, पट्टी जमिनीला टेकवली, फळ्याच्या खालच्या कडेला लावली. नव्वद. त्यांनी पट्टी उलटी करून पुन्हा लावली. नव्वद. मग कशालाही न धरता त्या उठल्या, आणि खडू घेतला.